कुलूप लावलेली घरे

आमच्या धर्मग्रामातील घरटी एक तरी पुरुष गोव्यात कामाला आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. खानापूरकडील ही खेडी. शेती पावसावर अवलंबून आणि जमीन तुकड्यातुकड्यांत वाटलेली. भाताची कापणी व मळणी आटोपली की तरुण मंडळी अनमोडचा घाट उतरतात, ती पुढल्या पेरणीलाच घरी परततात. कोणी गवंडी, कोणी सेंटरिंगवाला, कोणी फरशी बसविणारा, तर कोणी नुसताच बिगारी. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गोव्यात जी घरे उभी राहिली त्यांतील पुष्कळांच्या भिंतींवर आमच्या लोकांचा हात फिरलेला आहे.

मागील फेस्ताला असाच एक गवंडी आम्हांस भेटला. मिस्सा आटोपून मंडळी अंगणात पांगली होती, बँडवाले चहा घेत होते. हा मात्र सॅक्रिस्तीच्या दाराशी रेंगाळत उभा होता. वय पंचेचाळीसच्या घरातले, म्हणजे आमच्याच बरोबरीचे.

"फादर, एक विचारायचे होते. रागावणार नाही ना?"

नाही, असे आम्ही सांगितले. तो म्हणाला, "बावीस वर्षे मी गोव्यात बांधकाम करतो. किती घरे बांधली त्याचा हिशेब नाही. त्यांतल्या कित्येक घरांना कुलूप लागले ते तसेच आहे. नाताळात आठ दिवस उघडतात, पुन्हा बंद. आणि मी पत्र्याच्या खोलीत चौघांबरोबर राहतो. बायकापोरांना न्यायचे म्हटले तर भाडे झेपत नाही. तिथे ग्रामसभा भरली की लोक ओरडतात, शेते वाचवा, बांधकामे बंद करा. तुम्हीही तिथे होता तेव्हा हेच सांगत होता म्हणे. शेते वाचावीत हे मलाही कळते, मी शेतकऱ्याचाच मुलगा आहे. पण मग आम्ही राहायचे कुठे?"

देव काहीतरी मार्ग दाखवील, असे काहीसे आम्ही पुटपुटलो. हे उत्तर नव्हे, हे त्याला समजले आणि आम्हांलाही. तो नम्रपणे हात जोडून निघून गेला. प्रश्न मात्र आमच्याकडेच राहिला. आज या पानावर तोच घेऊन बसलो आहोत.

आमचे सेमिनरीचे शिक्षण गोव्यात झाले आणि गुरुदीक्षेनंतरची पहिली चार वर्षे सासष्टी तालुक्यातील एका गावी साहाय्यक धर्मगुरू म्हणून गेली. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. ही गोष्ट २००५ सालची. चर्चच्या खालच्या अंगास खाजन शेती होती आणि शेतीला लागून पंधरा-वीस जुन्या कौलारू घरांचा एक वाडा. एके दिवशी शेताच्या कडेला तांबड्या मातीचे ट्रक येऊ लागले. भराव झाला, खांब उभे राहिले, आणि वर्षाच्या आत तीन मजल्यांची इमारत तयार झाली. मालकाने आशीर्वादासाठी बोलाविले. आम्ही गेलो. प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडले, केक खाल्ला आणि चर्चसाठी दिलेला लिफाफा घेतला. परवानगीचे कागद पाहणे हे धर्मगुरूचे काम नव्हे, अशी तेव्हा आमची समजूत होती.

परत येताना वाड्यावरील एका वृद्ध बाईने आम्हांस थांबविले. "फादर, इथून पाण्याची वाट होती. आता ते पाणी कुठून जाणार?" मालकाने गटार ठेवले असेलच, असे सांगून आम्ही पुढे झालो. जुलैत त्या बाईच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी शिरले. वाड्यावरील सहा कुटुंबांची सोय आम्ही चर्चच्या सभागृहात केली, पेज शिजविली, चादरी गोळा केल्या. ती बाई तीन दिवस तेथे होती आणि तीन दिवसांत आमच्याशी एक शब्दही बोलली नाही. दोन कडक शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

त्या नाताळापूर्वी रीतीप्रमाणे आम्ही घरोघर भेटी देत फिरलो. नव्या इमारतीत अठरा घरे होती. चार दारे उघडली, चौदांना कुलूप होते. उघडलेल्या चारांपैकी गावातले कुटुंब एकही नव्हते.

घाटावरील वाचकांस खाजन म्हणजे काय हे कदाचित ठाऊक नसेल, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. गोव्याच्या नद्यांत समुद्राची भरती कित्येक कोस आत चढते. नदीकाठची सखल, दलदलीची जमीन तेथील पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी माती, पेंढा व चिरे यांचे बांध घालून खाऱ्या पाण्याच्या तावडीतून सोडविली. या बांधांत जागोजागी लाकडी झडपांचे दरवाजे असतात. त्यांस मानस म्हणतात. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आत साचलेले पावसाचे पाणी तिला ढकलून नदीत निघून जाते. यंत्र नाही, तेल नाही. चंद्र वर सरकतो, खाली झडप हलते. सेमिनरीत असताना सुटीच्या दिवशी एका मानसीवर बसून ही उघडझाप आम्ही तासभर पाहिली आहे आणि तत्त्वज्ञानाच्या तासापेक्षा तेथे अधिक शिकलो, असे आमच्या प्राध्यापकांची क्षमा मागून म्हणतो.

या जमिनीत पावसाळ्यात कोरगुट नावाचे खारेपण सोसणारे भात होते, पुढे मासळी मिळते, काही ठिकाणी मिठागरे असतात. अशी सुमारे १८,००० हेक्टर खाजने गोव्यात आहेत. बांधांची राखण पूर्वी गावकरी संस्था, म्हणजेच पोर्तुगीज अमदानीतील कोमुनिदाद, करीत असे. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला, हा न्यायच झाला. परंतु बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांवर आली आणि पुष्कळ गावी बांध पोरके झाले. एकदा खारे पाणी शिरले की शेत पडीक पडते. पडीक पडलेल्या शेताला गिऱ्हाईक फार लवकर मिळते. मात्र खाजन पिकत असो वा नसो, पावसाळ्यात सबंध गावाचे पाणी काही तास सांभाळून धरण्याचे काम ते करीतच असते. त्यात भराव घातला तर पाणी दुसरी जागा शोधते. त्या बाईचे स्वयंपाकघर ही अशीच एक दुसरी जागा होती.

आता सरकारांकडे वळू. घरे वाढू द्यावयाची आणि शेत, डोंगर, पाणीही राखावयाचे, ही दुहेरी जबाबदारी सरकार पार पाडते ते मुख्यतः नकाशाच्या बळावर. कोणत्या सर्व्हे नंबरात वसाहत, कोणत्या ठिकाणी शेती, कोठे राखीव रान, हे आधी रंगवून ठेवावयाचे आणि मग त्याबरहुकूम परवानगी द्यावयाची. गोव्यात यासाठी १९७४ चा नगर व ग्राम नियोजन कायदा आहे. ऑगस्ट २००६ मध्ये सरकारने २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा जाहीर केला. लोकांनी नकाशे पाहिले तेव्हा रानांवर, डोंगरांच्या उतारांवर आणि बागायतींवर वसाहतीचा रंग चढलेला दिसला. डिसेंबरात 'गोवा बचाव अभियान' उभे राहिले, पणजीच्या आझाद मैदानावर मोठी सभा झाली आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने तो आराखडा मागे घेतला. आमच्या गावातूनही दोन बसगाड्या भरून माणसे गेली होती. त्यांत ती वृद्ध बाईही होती.

पुढे घडले ते याहून मोलाचे होते, असे आमचे मत आहे. नव्या आराखड्यासाठी जो कृतिगट नेमला गेला त्यात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि केंद्र सरकारचे माजी मुख्य नियोजक एडगर रिबेरो यांच्यासारखी माणसे होती. २०२१ सालापर्यंतच्या त्या आराखड्याचा मसुदा २००८ मध्ये तयार झाला आणि गावोगावी नकाशे पाठवून ग्रामसभांची मते मागविण्यात आली. आमच्या गावचा नकाशा चर्चच्या सभागृहातील टेबलांवर पसरला होता. सर्व्हे नंबर वाचता न येणारी माणसे बोट ठेवून सांगत होती, येथे झरा आहे, येथून गुरे जातात, येथे पावसात तळे भरते. शाळामास्तर ते पेन्सिलीने लिहून घेत होते. सरकारी नकाशावर तोवर त्या झऱ्याचा पत्ता नव्हता.

हा आराखडा २०११ मध्ये तालुक्यामागून तालुका अधिसूचित झाला, २०१२ मध्ये नव्या सरकारने तो स्थगित ठेवला आणि २०१८ मध्ये पुन्हा पुढे आणला. त्याच वर्षी कायद्यात एक कलम घालून जमिनीचा रंग अर्जानुसार बदलण्याची वाट मोकळी झाली. २०२३ मध्ये आणखी एक पोटकलम आले. आराखड्यात नजरचुकीने राहिलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी, असे त्याचे वर्णन होते. चुका इतक्या निघाल्या की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये त्याखालील नियम रद्द केले आणि त्या पोटकलमाचा अर्थ आकुंचित केला. तोवर २०२४ मध्ये आणखी एक कलम आलेले होते. त्यात लोकांना हरकत घेण्यास तीस दिवस आहेत. शेतात राबणाऱ्या माणसाने राजपत्र वाचून तीस दिवसांत हरकत लिहावी, अशी ही अपेक्षा!

एकदा केलेला आराखडा अक्षरशः कायम राहावा, असे आम्ही म्हणत नाही. मुले होतात, संसार वेगळे होतात, नव्या घरांना जागा लागतेच. परंतु गावाने एकत्र बसून रंगविलेला नकाशा एकेका मालकाच्या अर्जावर बदलू लागला तर तो नकाशा कसला?

येथवरचे सारे आम्ही त्या गवंड्याला ऐकवू शकलो असतो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर यातही नाही. खरे सांगावयाचे तर त्या सभागृहात आम्हांला शेत दिसत होते, झरा दिसत होता. घर नसलेला माणूस दिसला नाही. तो सभेस आलाच नव्हता. त्याच वेळी तो कोणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावर गिलावा करीत होता. शेते वाचवा असे म्हणणारे आम्ही सर्वजण, साहाय्यक धर्मगुरू धरून, रात्री आपापल्या छपराखाली निजावयास गेलो. शिवाय रागाच्या भरात 'घाटी लोकांनी गोवा बिघडविला' असे एक-दोघे बोलले तेव्हा आम्ही, स्वतः घाटावरचे असूनही, गप्प राहिलो. भराव घालणारा हात मजुराचा असतो. मातीचे पैसे देणारा दुसराच असतो. हे सांगण्याचे धैर्य तेव्हा झाले नाही.

गोव्यात घरे कमी आहेत काय? राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. त्याच जनगणनेत तेथील पाच घरांमागे एक घर, किंबहुना किंचित अधिकच, रिकामे आढळले. ही संख्या सव्वा लाखाच्या आसपास जाते. पुढली, २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही. शेत गेले त्याच्या बदल्यात गरजवंताला छप्पर मिळाले असते, तर तो सौदा निदान समजण्याजोगा तरी होता. येथे शेतही गेले आणि छपराखाली कोणी नाही. सुटीतल्या आठ दिवसांसाठी, किंवा भाव वाढेल म्हणून पैसे गुंतविण्यासाठी घर बांधले जाते, तेव्हा दर वर्षी कितीही घरे बांधली तरी गवंड्याची पाळी येत नाही.

नकाशा जमिनीचा रंग सांगतो. त्या जमिनीवरील घर कोणासाठी, हे तो सांगत नाही. हे आमच्या ध्यानात यावयास परदेशी जावे लागले.

युरोपात उन्हाळ्यात तेथील धर्मगुरू सुटीवर जातात आणि त्यांच्या जागी दोन महिने आपल्याकडील धर्मगुरू काम करतात, हे वाचकांस ठाऊक असेल. २०१६ मध्ये आम्ही व्हिएन्नाजवळील एका खेड्यात असे होतो. एका मोकळ्या दिवशी तेथील वृद्ध धर्मगुरूंनी आम्हांला शहराच्या उत्तर टोकास कार्ल मार्क्स हॉफ नावाची इमारत दाखविली. नाव ऐकून आम्ही बिचकलो. ते हसून म्हणाले, "बांधणाऱ्यांचे आणि आमचे मुळीच पटत नसे. पण घरे पाहा." १९३० मध्ये पुरी झालेली, किलोमीटरहून अधिक लांब, १,३८२ घरांची ही इमारत शहराच्या नगरपालिकेने कामगारांसाठी बांधली. जागेचा जेमतेम पाचवा हिस्सा बांधकामाखाली, बाकी अंगणे आणि झाडे. पैसा आला घरांवरील करातून. १९२३ पासून हा कर असा आकारीत की थोरामोठ्यांच्या प्रशस्त घरांवर तो जबर पडे आणि लहान घरांवर नाममात्र. त्या दहा-अकरा वर्षांत नगरपालिकेने ६०,००० हून अधिक घरे उभी केली. तेथून बसने अर्ध्या तासात आम्ही टेकडीवर पोहोचलो, तो चहूकडे रान. हे रान आणि कुरणे राखण्याचा ठराव त्याच शहराने १९०५ मध्ये केला होता. जंगलही राखले आणि घरेही बांधली. आजही सुमारे दोन लाख वीस हजार घरे नगरपालिकेच्या मालकीची आहेत, आणि शहरातील निम्म्या लोकांचे वास्तव्य नगरपालिकेच्या किंवा सरकारी साहाय्याने बांधलेल्या घरांत आहे.

आम्ही परतल्यावर दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, तेथे एक नियम झाला. एखाद्या मोठ्या जागेचा रंग बदलून घरांसाठी परवानगी द्यावयाची असेल, तर त्यातील दोन-तृतीयांश घरे साहाय्यित, म्हणजे सामान्य माणसाला परवडणाऱ्या भाड्याची असली पाहिजेत. रंग बदलला की जमिनीचा भाव वाढतो. तो वाढलेला भाव कोणाच्या पदरात पडावा, याचे उत्तर त्यांनी कायद्यातच लिहून ठेवले आहे. गोव्यातील त्या कलमांत मालकाने शुल्क भरले म्हणजे झाले.

आषाढात तो गवंडी लावणीसाठी घरी आला तेव्हा त्याला बोलावून हे सारे आम्ही सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तिथे परगावच्या गवंड्याला घर मिळते का, फादर?"

लगेच नाही मिळत, असे कबूल करावे लागले. दोन वर्षे त्या शहरात कायमचे राहिल्याचा पुरावा दाखवावा लागतो, मग रांग.

"दोन वर्षेच ना?" तो म्हणाला. "मला बावीस झाली."

त्याची बायको मूळची सासष्टीची. तिचे वडील मुंडकार, भाटकाराच्या माडांच्या भाटात त्यांचे दोन खोल्यांचे घर. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यांना कोणी हुसकू शकत नाही, आणि घराची जागा विकत घेण्याचा हक्कही त्याच कायद्याने दिला आहे. जागा नावावर झाली तर मागल्या बाजूस एक खोली काढून बायकामुलांना तेथे न्यावे, असा याचा विचार आहे. एक खोली! तिच्यासाठी ना शेत भरावे लागेल ना डोंगर कापावा लागेल. कोमुनिदादीच्या व सरकारी जमिनींवरील जुनी घरे नियमित करण्यासाठी गोवा सरकारने २०२५ मध्ये कायदे बदलले आणि योजना काढली. मुंडकारांचे खटले मात्र मामलेदाराच्या कचेरीत जुन्याच चालीने चालतात. याच्या सासऱ्याचा अर्ज नऊ वर्षे पडून आहे. भाटकाराचे वारस मुंबईपासून लिस्बनपर्यंत पांगलेले. कोणा एकाला नोटीस पोहोचली नाही की पुढली तारीख.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून मामलेदाराच्या नावे अर्ज लिहिला. वारसांचे पत्ते गावच्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदींवरून मिळण्यासारखे होते. तेथील धर्मगुरूंना आम्ही पत्र घातले आणि त्यांनी सातांपैकी पाच वारसांचा माग काढून कळविला. सप्टेंबरातली तारीखही पुढे गेली. आता नोव्हेंबरातली आहे. त्या दिवशी सासऱ्यांबरोबर कचेरीत आम्हीही जाणार आहोत. ज्या वाड्यावर पाणी शिरले होते तो तेथून चार मैलांवर आहे. ती बाई अजून हयात आहे असे कळते. वेळ मिळाल्यास तिच्याकडेही जाऊन येऊ.